कागद तीस वर्षांचे, पाहणी वीस मिनिटांची

आपल्याकडे फ्लॅट घेणारा माणूस कागदांच्या बाबतीत भलताच सावध असतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, इंडेक्स टू मागवतो, आधीच्या खरेदीखतांची साखळी जुळवतो, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र मागतो. शिवाय घरातल्या कुणाच्या तरी आग्रहाखातर होकायंत्र लावून स्वयंपाकघर आग्नेयेला येतं की नाही, तेही बघून घेतो. होकायंत्राबद्दल मी इथे काही बोलत नाही. बाकीचं सगळं योग्यच आहे. पण ज्या भिंतींचे हप्ते पुढची वीस वर्षं फेडायचे, त्या भिंती तो किती वेळ पाहतो? रविवारी सकाळी एजंटबरोबर येतो. हॉल मोठा आहे, उजेड छान आहे, बाल्कनीतून टेकडी दिसते. वीस मिनिटांत चक्कर पुरी होते, कारण दुपारपर्यंत अजून दोन फ्लॅट बघायचे असतात.

या घाईमागे अज्ञान फारसं नसतं. असते ती भीड. विकणाऱ्या काकूंनी चहा पुढे केलेला असतो. अशा वेळी त्यांचं कपाट सरकवून मागची भिंत हुंगायची, न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतायचं, फरशीवर नाण्याने ठोकत फिरायचं हे मध्यमवर्गीय माणसाला जमत नाही. ‘आम्ही इतकी वर्षं राहतोय, काही प्रॉब्लेम नाही’ असं समोरचा म्हणाला की आपण मान डोलावतो. घरतपासणी करणारा माणूस पैसे घेतो ते ज्ञानाचे घेतोच. पण त्याच्या फीमधला मोठा वाटा, माझ्या मते, आपल्या वतीने भीड सोडण्याचा असतो.

कायद्याला ही भीड कळत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 सालचा आहे आणि त्याचं कलम 55 आजही लागू आहे. विकणाऱ्याने मालमत्तेतला किंवा आपल्या मालकी हक्कातला महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगितलाच पाहिजे, असं ते म्हणतं. ऐकायला बरं वाटतं. पण पुढे अट आहे: दोष विकणाऱ्याला माहीत असला पाहिजे, खरेदीदाराला माहीत नसला पाहिजे आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही खरेदीदाराला तो सापडण्याजोगा नसला पाहिजे. म्हणजे छताचे पोपडे निघालेले होते, पण तुम्ही वर बघितलंच नाही, तर ‘मला सांगितलं नाही’ ही तक्रार तिथेच लंगडी पडते. 1872 च्या करार कायद्यातही कलम 19 ला याच वळणाचा एक अपवाद जोडलेला आहे: मौन बाळगून केलेली फसवणूक असली, तरी साध्या चौकशीने सत्य कळण्याची सोय तुमच्यापाशी होती, तर करार मोडता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या या कलमांचा रोख स्पष्ट आहे. डोळे खरेदीदाराचे, आणि ते वापरायची जबाबदारीही त्याचीच.

‘पण बँकेने माणूस पाठवला होता की!’ हे वाक्य या विषयात हमखास ऐकू येतं. बँकेचा व्हॅल्युअर येतो, क्षेत्रफळ घेतो, चार फोटो काढतो, इमारतीचं वय आणि उरलेलं आयुष्य लिहितो आणि जातो. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: कर्ज बुडालं तर हा फ्लॅट विकून बँकेचे पैसे सुटतील का? तुमच्या न्हाणीघराचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकतं का, गिझरला अर्थिंग आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. बरेचदा त्याचा अहवाल तुमच्या हातात पडतही नाही, जरी त्याची फी तुमच्याच खात्यातून गेलेली असली. एजंटचा मेहनताना व्यवहार झाला तरच मिळतो, त्यामुळे त्याच्याकडून दोष शोधण्याची अपेक्षा ठेवणं त्याच्यावरच अन्याय आहे. आणि नात्यातला कुणी इंजिनिअर असतोच. तो बहुधा सॉफ्टवेअरमधला असतो.

खरी तपासणी कशी चालते ते जवळून पाहू. समजा, तीसेक वर्षांची चार मजली इमारत आहे, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. तपासणारा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याच्या पिशवीत टॉर्च, छोटी हातोडी, ओळंबा, पाणसळ, मॉइश्चर मीटर, तीन पिनांचा सॉकेट टेस्टर आणि मोजपट्टी. जरा महागातला असेल तर थर्मल कॅमेरा.

तो आधी खोल्या बघत नाही, रंग बघतो. सगळ्या घराचा रंग आठ-दहा वर्षांचा आणि बेडरूमची एकच भिंत नवीकोरी दिसली, की तो तिथे थांबतो. एकाच भिंतीला रंग लावायची हौस सहसा कुणाला नसते. ती भिंत न्हाणीघराला लागून असेल तर खालच्या दीड-दोन फुटांत मॉइश्चर मीटर टेकवतो, मग तोच मीटर घरातल्या नक्की कोरड्या भिंतीला लावतो आणि दोन आकड्यांतला फरक लिहून घेतो. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, फरकाला असतो. थर्मल कॅमेऱ्याचंही तसंच. त्याच्या पडद्यावर निळसर डाग दिसला की लोक ‘सापडलं पाणी’ म्हणतात, पण त्या कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमान दिसतं. ओली जागा बाष्पीभवनामुळे थंड असते म्हणून ती वेगळी उमटते. एसीच्या झोतासमोरची कोरडी भिंतही तशीच उमटेल. डाग दिसल्यावर मीटर लावून खात्री न करणारा तपासनीस कॅमेऱ्याचे पैसे वसूल करतोय, इतकंच समजावं.

मग न्हाणीघर. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत न्हाणीघर आणि संडासाचा स्लॅब बाकी घरापेक्षा साधारण फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खोलगट जागेत नळ्या बसवून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि त्यावर फरशी. फरशीच्या सांध्यातली सिमेंटची भर झिजली किंवा नहाणी ट्रॅपचा जोड सुटला की पाणी आत उतरतं आणि त्या कोब्यात साठून राहतं. वरून न्हाणीघर स्वच्छ, कोरडं दिसतं आणि आत ते पाणी महिनोन् महिने वाट शोधत असतं. वाट सापडली की ते खालच्यांच्या छतावर उमटतं. म्हणून या फ्लॅटच्या न्हाणीघराची तब्येत बघायला तपासनीस पहिल्या मजल्यावर जातो, आणि या फ्लॅटच्या छतावरच्या डागाचं मूळ शोधायला तिसऱ्यावर. एका घराच्या तपासणीसाठी तीन घरांची बेल वाजवावी लागते. हे काम खरेदीदार एकटा कधीच करत नाही. खालच्या मजल्यावर न्हाणीघरात नवं फॉल्स सीलिंग दिसलं, तर ते सुशोभीकरण आहे की झाकण, हे विचारायला लागतं, आणि गंमत म्हणजे खालचे लोक विचारण्याची वाटच बघत असतात. वरच्यांशी पाच वर्षं चाललेलं भांडण ते एका दमात सांगतात.

हे भांडण कुणाच्या खर्चाचं, हेही इथेच कळून घ्यायचं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणारी गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाने. फ्लॅट तुमच्या नावावर झाला की न्हाणीघराबरोबर ते भांडणही तुमच्या नावावर होतं. नवा कोबा, वॉटरप्रूफिंग, फरश्या, नळजोडणी असं सगळं उकरून करायचं म्हणजे पैसे तर जातातच, पण काही आठवडे शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागतं.

भेगांकडे बघण्याची नजर ही या धंद्यातली खरी कमाई. सामान्य माणूस भेग रुंद आहे की बारीक एवढंच बघतो. इंजिनिअर ती कुठे आहे आणि कोणत्या दिशेने जाते ते बघतो. गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा गिलावा सुकताना आकसल्याच्या असतात. पुट्टी भरून विषय संपतो. कॉलम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथली सरळ उभी भेग, किंवा बीमच्या तळाशी भिंतीच्या माथ्यावरची आडवी भेग, हीसुद्धा बहुतेक वेळा निरुपद्रवी. काँक्रीट आणि वीट उन्हाने वेगवेगळी फुगतात, सांधा सुटतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग जरा थांबून बघायची. पण बीमच्या खालच्या कडेने, आतल्या सळईला समांतर धावणारी भेग दिसली, किंवा बीम कॉलमला टेकतो तिथे पंचेचाळीस अंशांत तिरकी चढलेली भेग दिसली, तर चहा बाजूला ठेवायचा.

सळईला समांतर भेग का पडते, हे समजलं की जुन्या घराचं अर्धं शास्त्र समजलं. ताजं काँक्रीट कमालीचं अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच 12 ते 13. या वातावरणात पोलादावर अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये शिरत राहतो, पीएच उतरत उतरत 9 च्या आसपास येतो आणि ते कवच जातं. समुद्राकाठी क्षार हेच काम अधिक वेगाने करतात. मग पाणी आणि हवा मिळताच सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो. आतून इतका दाब आल्यावर सळईवरचं काँक्रीट आधी चिरतं, मग फुगतं, मग ढलप्याने पडतं. सळईवर काँक्रीटचं आवरण किती जाड हवं हे भारतीय मानक आयएस 456 मध्ये परिस्थितीनुसार दिलेलं आहे: सौम्य हवामानात 20 मिलिमीटर, मध्यम परिस्थितीत 30, तीव्र परिस्थितीत 45. जुन्या इमारतीत स्लॅबचा पडलेला तुकडा हातात घेऊन बघितला तर कित्येकदा सळईवर बोटाच्या नखाएवढंही आवरण नसतं. स्लॅब ओतताना सळयांखाली ठोकळे ठेवायचे राहून गेलेले असतात, बस्स.

शंका आली तर पुढच्या चाचण्या असतात. तुटलेल्या ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थलीनचा फवारा मारला की निरोगी भाग गर्द गुलाबी होतो आणि पीएच उतरलेला भाग बेरंग राहतो. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कणखरपणा कळतो, अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरींच्या वेगावरून आतल्या पोकळ्यांचा अंदाज येतो, हाफ-सेल चाचणीतून सळई गंजण्याची शक्यता. मात्र या चाचण्या एका फ्लॅटच्या तपासणीत सहसा होत नाहीत. त्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे अख्ख्या इमारतीच्या असतात. घरतपासणी करणाऱ्याचं काम ‘इथे पुढची चाचणी करून घ्या’ असं वेळेवर म्हणण्याचं.

विजेबाबत थोडक्यात. तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. टेस्टर खुपसला की दोन सेकंदांत कळतं. बोर्डात गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का आणि त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो खरोखर पडतो का, हे बघायचं. वीजबिलावरचा मंजूर भार आणि तुमचे दोन एसी, गिझर, इंडक्शन यांची बेरीज जमते का तेही. याला पाच मिनिटं लागतात आणि या पाच मिनिटांत जीव वाचतो, तरीही घर बघताना आपण फक्त पंखा लावून बघतो.

आता फ्लॅटच्या दाराबाहेर. तुमचा फ्लॅट कितीही ठणठणीत असला तरी तो हवेत लटकत नाही. घाटकोपरची सिद्धी साई इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप पुढे आला. वरच्या मजल्यांवरच्या घरांत त्या दिवशी सकाळी तपासणी केली असती तरी काय सापडलं असतं? म्हणून अनुभवी तपासनीस आधी तळमजल्यावरच्या दुकानांत, क्लिनिकमध्ये, पार्किंगमध्ये डोकावतो. कुठे भिंत पाडून हॉल मोठा केलाय का, कॉलमवर संगमरवर चढवून झाकलाय का, जिन्याखालच्या बीमला ढलपे गेलेत का.

इमारत नवी आहे म्हणून निश्चिंत व्हावं, असंही नाही. महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी पडली तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती. 16 माणसं गेली. आणि गुरुग्रामच्या सेक्टर 109 मधल्या एका उंच संकुलात 10 फेब्रुवारी 2022 रोजी एका टॉवरच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटची जमीन खाली कोसळली आणि खालचे मजले एकापाठोपाठ एक घेऊन गेली. दोन महिला दगावल्या. समुद्रापासून हजारभर किलोमीटरवरच्या त्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये दिल्लीच्या आयआयटीला क्लोराइड सापडलं. खाऱ्या हवेला तिथे दोष देता येत नव्हता. क्षार काँक्रीटमध्येच मिसळलेले होते. तो टॉवर दुरुस्तीपलीकडे गेल्याचा निष्कर्ष निघाला. महागडं प्रवेशद्वार आणि पोहण्याचा तलाव हे काँक्रीटच्या दर्जाचे पुरावे नसतात.

जुन्या इमारतींसाठी कायद्याने थोडी सोय केलेली आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353-बी प्रमाणे 30 वर्षांवरील इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. मुंबईत धोक्याप्रमाणे वर्ग पडतात: सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. फ्लॅट विकणारा ‘ऑडिट झालंय’ म्हणाला तर वर्ग विचारायचा आणि अहवालाची प्रत मागायची. ऑडिट होणं आणि ऑडिटमध्ये सांगितलेलं काम होणं यांत कित्येकदा काही वर्षांचं आणि तीन सर्वसाधारण सभांचं अंतर असतं.

सर्वसाधारण सभांवरून आठवलं. घराच्या तपासणीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे सोसायटीचं इतिवृत्ताचं पुस्तक. गेल्या चार-पाच वर्षांची इतिवृत्तं वाचायला मिळाली, तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग किती वेळा झालं, उन्हाळ्यात टँकरवर किती गेले, कोणत्या विंगला मैलापाणी तुंबतं, पुनर्विकासाचा वाद कुठवर आलाय, हे सगळं सेक्रेटरींच्या सरकारी मराठीत लिहिलेलं सापडतं. हिशेबात सिंकिंग फंड बघायचा. आदर्श उपविधींत तो बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधी 0.75 टक्के धरलेला आहे. तीस वर्षांच्या इमारतीचा सिंकिंग फंड नावापुरता असेल, तर मोठ्या दुरुस्तीची वर्गणी लवकरच निघणार आणि ती नव्या मालकालाच भरावी लागणार. मासिक देखभाल खर्च कमी आहे म्हणून लोक खूश होतात. तो का कमी आहे ते इथे कळतं.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, घरतपासणी हा स्वतंत्र व्यवसाय झाला. तिथल्या तपासनिसांची संघटना 1976 मध्ये निघाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डायब्लो गावात एक बंगला 1,70,000 डॉलरना विकला गेला. काही काळाने त्याच्या आवारातली जमीन घसरायला लागली. ती भर घातलेली जमीन होती आणि भर नीट दाबलेली नव्हती. आधी जमीन सरकल्याचं विकणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. एजंटांपैकी काहींना उतारावर लावलेली जाळी ठाऊक होती, एकाला गेस्ट हाउसची फरशी समतल नसल्याचं दिसलं होतं, पण कुणी पुढे चौकशी केली नाही. 1984 मध्ये अपील न्यायालयाने, ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर या खटल्यात, एजंटनेही घराची वाजवी पाहणी करून आढळलेलं खरेदीदाराला सांगितलं पाहिजे, असा निवाडा दिला आणि पुढे कॅलिफोर्नियाने तसा कायदाच केला. आपल्याकडच्या एजंटवर अशी पाहणी करण्याची सक्ती आली, तर त्याचा रविवार कसा जाईल याची कल्पना करून पाहावी.

त्याच 1984 सालच्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियात स्टॅन्ली वॉट्रस नावाच्या इंजिनिअरची गोष्ट घडली. तो लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला होता. किरणोत्सार ओळखणारे तिथले अलार्म त्याच्यामुळे वाजू लागले आणि ते तो कामावर येतानाही वाजायचे. किरणोत्सार तो घरून घेऊन येत होता. त्याच्या घराखालच्या युरेनियमयुक्त खडकातून रेडॉन वायू तळघरात साठत होता. वायूला रंग नाही, वास नाही. तेव्हापासून तिथल्या घरतपासणीत रेडॉनची चाचणी रुळली. 4 पिकोक्युरी प्रतिलिटर ही तिथल्या पर्यावरण संस्थेची उपाय करण्याची पातळी आहे. न्यू जर्सीत किंवा पेनसिल्व्हेनियात घर घेणाऱ्या मराठी मुलामुलींच्या आईवडिलांना फोनवर ‘रेडॉन टेस्ट चालू आहे’ असं ऐकू येतं ते यामुळे.

आपल्या भागात रेडॉनची काळजी करत बसायला नको, पण जमिनीचा स्वभाव इथेही बघावा लागतो. सोलापूर, मराठवाडा, विदर्भातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिथे रो-हाउस किंवा बंगला घेताना पाया मुरमापर्यंत नेला आहे की काळ्या मातीतच थांबवला आहे, हा पहिला प्रश्न. दरवर्षी पावसाळ्यात मिटणारी आणि मे महिन्यात उघडणारी भिंतीतली भेग याचं उत्तर देते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचं घर घेताना वाशांना, चौकटींना वाळवी आहे का, ते पेचकस टोचून बघायचं. वरून रंग केलेला वासा आतून भुसा झालेला असतो. आणि कुठेही असो, जमलं तर घर ऐन पावसात बघावं. दिवाळीच्या सुमारास, रंग मारून, भिंती सुकल्यावर घरं विक्रीला काढण्याची पद्धत काही योगायोगाने पडलेली नाही.

नव्या फ्लॅटची गोष्ट वेगळी, कारण तिथे 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14(3) हाताशी आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयींमध्ये दोष आढळला, तर कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. इथे तपासणीचा उपयोग पुराव्यासाठी. ताबा घेतानाच तारखेसह फोटो आणि दोषांची यादी असेल, तर ‘तुम्ही कपाटं बसवताना भिंत फोडलीत’ हे उत्तर टिकत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर ताबा घ्यायला दोन महिन्यांचा अवधी कायद्यातच आहे, त्यामुळे ‘आज सही करा, बाकीचं नंतर बघू’ या घाईला भीक घालायचं कारण नाही. मोजपट्टीही याच वेळी काढायची. रेरातला चटईक्षेत्र हा शब्द मोघम नाही: आतल्या पार्टिशन भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून द्यायची. नव्या फरश्यांवर नाण्याने ठोकत गेलं की खाली माल नीट न भरलेली फरशी पोकळ आवाज देते. अशा फरशीवर उद्या फ्रिज ठेवला की ती तडकते.

जुन्या फ्लॅटला मात्र कलम 14(3) नाही. तिथे जे काय करायचं ते टोकन देण्याआधी किंवा टोकनच्या पावतीत. आपल्याकडे आधी टोकन देतात, मग कागद बघतात आणि भिंती बघायच्या राहतात. ही वहिवाट उलटवणं अवघड असलं, तरी पावतीत एक ओळ घालता येते: अमुक दिवसांत तज्ज्ञाकडून तपासणी होईल आणि अहवालात अमुक रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली, तर टोकन परत किंवा किमतीचा फेरविचार. एजंट म्हणेल, असं कुणी लिहीत नाही. लिहायला कायद्याची काहीच आडकाठी नाही.

खर्चाचं म्हणाल, तर पुण्यात 80 लाखांच्या फ्लॅटवर 7 टक्क्यांनी 5 लाख 60 हजार रुपये मुद्रांक शुल्क जातं, 30 हजार नोंदणी फी, शिवाय एजंटची दलाली. या रकमांच्या शेजारी तपासणीची फी दिसतही नाही. अहवाल मात्र घाबरून जाण्यासाठी वाचायचा नसतो. तो बहुधा जाडजूड आणि फोटोंनी भरलेला येतो, कारण तपासनिसाला दाराची करकरणारी बिजागरीसुद्धा नोंदवावी लागते. त्यातून जिवाला धोका असलेलं, सांगाड्यातलं आणि पाण्याचं, एवढंच आधी वेगळं काढायचं. बाकीचं सुतार आणि रंगारी बघून घेतील. आणि अहवालाला मर्यादाही असतात. तपासनीस दुसऱ्याच्या घरातली फरशी उखडू शकत नाही, भिंतीतला पाइप उघडून बघू शकत नाही. तो दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्याचा अंदाज सांगतो, हमी देत नाही. हमी देणारा भेटलाच तर दुसरा बघावा.

उरलं वाटाघाटींचं. न्हाणीघर उकरून करायला दोन-अडीच लाखांचा अंदाज कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी आणला, की ‘किंमत जरा कमी करा ना’ या विनवणीची जागा एक आकडा घेतो. विकणारा बहुधा पूर्ण मान्य करत नाही, निम्म्यावर येतो. काही वेळा तो स्वतः दुरुस्ती करून देतो म्हणतो. ते शक्यतो घेऊ नये. घर सोडून जाणारा माणूस कोबा कसा भरून घेईल ते सांगायला नको. पैसे कमी करून घ्यावेत आणि काम आपण करावं. आणि विकणारा तपासणीलाच नाही म्हणाला तर? कारणं साधीही असतात: घरात भाडेकरू असतो, वरच्या मजल्यावरचे दार उघडत नाहीत, किंवा म्हाताऱ्या मालकांना परक्या माणसाने घरभर ठोकत फिरणं नको वाटतं. एकदा समजावून सांगावं, दुसरी तारीख मागावी. दुसरीही नाकारली, तर बाजारात फ्लॅट पुष्कळ आहेत.